जागा अपुरी आहे

डोक्यावर कोणीतरी फुटकी बादली उपडी घातली आहे आणि अंगावर बोटभर धूळ साचली आहे, त्यामुळे मला ओळखायला तुम्हाला जरा वेळ लागेल, मित्रांनो. मी एका छापखान्यातला जुना संगणक आहे.

मी आलो तेव्हा छापखाना दोघा भावांचा होता. थोरल्याने मला खोक्यातून काढले, पडद्यावरचे प्लास्टिक सोलले आणि बायकोला हाक मारली, "ये, बस इथे. आजपासून हा तुझा." पुढे थोरला आजारपणात गेला आणि धाकटा मालक झाला. वहिनी मात्र माझ्यासमोरच्या खुर्चीवर तशाच बसत राहिल्या. पुस्तकाची पाने लावण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. गिऱ्हाईक दारातूनच बजावत असे, "पानं वहिनींनीच लावायची हं!" ते ऐकून मला वाटे, आपलेही कौतुक चालले आहे. मालकांच्या कपाळाला आठी का पडते, हे मला फार उशिरा कळले.

त्या काळात आमच्याकडे एक वृद्ध गृहस्थ येत. आयुष्यभर त्यांनी झाडांचे रोग अभ्यासले होते, म्हणून सगळे त्यांना झाडवाले सर म्हणत. त्यांचे एकच पुस्तक व्हायचे होते आणि त्यांची नजर झपाट्याने अधू होत चालली होती. वहिनींशेजारी स्टूल ओढून ते बसत, भिंग पडद्याला टेकवून पानांची चित्रे निरखत आणि सांगत, "बाई, हा डाग बुरशीचा नाही, किडीचा आहे. खालची ओळ बदला." वहिनी तिथल्या तिथे बदलत. कागदावर काहीच उतरत नसे. जे काही होते, ते माझ्या पोटात. प्रत वेगळी काढून ठेवायला वहिनींनी मालकांकडे एक डिस्क कितीदा तरी मागितली होती. "बघू" यापलीकडे त्यांना उत्तर मिळाले नाही.

मग मालकांनी जावयाला छापखान्यात घेतले. त्याच्यासाठी नवा संगणक आला आणि काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसला. एका दुपारी वहिनी जेवायला गेल्या असताना या जावयाने माझे झाकण उघडले, माझ्या दोन मेमरी-पट्ट्यांपैकी मोठी उपटली आणि आपल्या संगणकात खोचली. वर आपले सगळे सिनेमे माझ्यावर आणून ओतले. त्याला स्वतःची डिस्क मोकळी हवी होती ना!

तेव्हापासून मी धापा टाकू लागलो. एक चित्र उघडायचे म्हटले तरी माझा जीव मेटाकुटीला येई. पडद्यावर सारखी सूचना झळके : व्हर्च्युअल मेमरी कमी आहे. वहिनी खोळंबून बसत.

"काकू, मशीन नाही म्हातारं झालं, तुमची बोटं झालीत!" जावई म्हणाला. सगळे हसले. मालक सगळ्यांत मोठ्याने हसले.

शेवटी वहिनींनी हट्टाने मेकॅनिकला बोलावले. त्याने झाकण काढताच विचारले, "इथली पट्टी कुठंय?"

"पहिल्यापासून एकच होती," दारात उभा जावई म्हणाला.

मेकॅनिकने खांदे उडवले आणि वहिनींना समजावून सांगितले, "ओट्यावर जागा नसली की आपण भांडी खाली जमिनीवर मांडतो ना, तसं. मेमरी अपुरी पडली की हा डिस्कवरची जागा उसनी घेतो. पण इथं डिस्कच गच्च भरलीय. मांडणार कुठं बिचारा?" त्याने माझ्यातला कचरा झाडला, उसन्या जागेची मर्यादा वाढवून दिली. मला थोडा श्वास घेता आला.

इतक्यात सर आले. त्यांना पायरी दिसेना, म्हणून वहिनी हात द्यायला धावल्या. मेकॅनिक मग जावयालाच म्हणाला, "सिनेमे काढा यातले. डिस्क पुन्हा भरली तर एखाद दिवशी लॉगिन केल्यावर बाईंचं प्रोफाइल उघडणार नाही, सगळं कोरं दिसेल. घाबरू नका म्हणावं, काम आतच असतं. जागा करायची, बंद करून पुन्हा चालू करायचं. फॉरमॅट मात्र मारू नका. सांगाल ना त्यांना?"

"सांगतो की."

त्याने सांगितले नाही. आणखी सिनेमे मात्र आणून भरले.

आणि ती सकाळ उजाडली. वहिनींनी पासवर्ड टाकला. तो बरोबर होता, मित्रांनो, शपथेवर सांगतो. पण त्यांचे काम मांडायला माझ्याकडे वीतभरही जागा उरली नव्हती. मी त्यांना कोरा पडदा दाखवला. वहिनींनी पुन्हा पासवर्ड टाकला. पुन्हा कोरा. जावई केबिनमधून उठून आला.

"काय दाबलंत, काकू?"

"काही नाही हो... की दाबलं गेलं असेल?" त्या रडवेल्या झाल्या. "त्या मेकॅनिकला बोलवा ना."

"दर वेळी कुठला मेकॅनिक?" मालक म्हणाले. "घरचे जावईबापू आहेत की!"

जावईबापू बसले. आधी त्यांनी आपले सिनेमे आठवणीने बाजूला काढून घेतले. तेवढ्यानेच मी मोकळा झालो होतो. त्या क्षणी एकदा बंद करून चालू केले असते, तर सरांचे पुस्तक वहिनींसमोर जसेच्या तसे उघडले असते. मी वाट पाहत होतो. त्याने फॉरमॅट मारले. सगळे पुसून झाल्यावर मी चपळ झालो. "बघा, कसा पळतोय!" तो म्हणाला.

पुढच्या खेपेला सर आले, तेव्हा भिंग खिशातच होते. आता भिंगातूनही त्यांना दिसत नव्हते. मालकांनी आवाज मऊ केला. "वहिनींच्या हातून सगळं पुसलं गेलं, सर. वय झालं, काय करणार!"

"बाई, खरं का हे?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. मला तोंड असते तर! "झालं असेल, सर," त्या म्हणाल्या, "माझ्याच हातून."

"मला आता ते पुन्हा दिसायचं नाही हो." सर उठले. वहिनींनी पुढे केलेला हात त्यांनी झिडकारला आणि भिंत चाचपत ते निघून गेले. त्यांच्यामागून वहिनीही गेल्या. कोणी थांबवले नाही.

सगळे पांगल्यावर मालकांनी हळूच विचारले, "खरंच वहिनींनी पुसलं?"

"काकू गेल्या, तुम्हाला हवं होतं तेच झालं ना?" जावई म्हणाला.

मालकांनी दाराकडे पाहिले. मग म्हणाले, "दाराचं कुलूप बदलून घे. एक किल्ली त्यांच्याकडे आहे."

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत माझ्यासारखा एखादा संथ, अडखळणारा जुना संगणक असेल. त्याला आणि त्याच्यासमोर बसणाऱ्या माणसाला हसण्याआधी झाकण उघडून बघा, आतून कोणी काय काढून नेले आहे आणि कोणी काय कोंबले आहे. पुसून टाकायची घाई करू नका. माझ्या बाबतीत एवढेसेही कोणी केले नाही. वहिनींनाही खरे काय ते अजून कोणी सांगितलेले नाही. त्या जिथे असतील तिथे हेच धरून बसल्या असतील, की आंधळ्या होत चाललेल्या एका माणसाचे पुस्तक आपण बुडवले.