गिटारीच्या पोटातलं तांबं

वाद्य खोटं बोलत नाही. जगात खोटं न बोलणारी तेवढी एकच वस्तू आता उरली आहे. सोलो शहराजवळच्या आमच्या गावात घरोघरी गिटारी तयार होतात, आणि त्यातल्या निम्म्यांवर ज्या देशांची नावं छापतात त्या देशांत आमच्यापैकी कोणीही गेलेलं नाही.

माझा शेजारी पार्जियो जन्मभर साध्या लाकडी गिटारी करत आला. यंदा त्याने पहिली इलेक्ट्रिक गिटार केली, दांगदुत म्हणजे आमच्याकडची ठेक्यावर नाचवणारी गाणी, ती वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्रातल्या तुगिमानसाठी. सुगीनंतरच्या गावशुद्धीच्या उत्सवात तुगिमानने ती स्टेजवर वाजवली, की आसपासचे सगळे ऑर्केस्ट्रावाले पार्जियोच्या दारात येणार होते. नाही वाजवली, तर याने उगाच विजेच्या नादी लागू नये, असं गाव म्हणणार होतं. तेही हळू आवाजात, त्याला ऐकू जाईल इतक्या.

तुगिमान आला. ओसरीवर चहा प्याला, सोयाबीनचं तळलेलं टेंपे खाल्लं, गिटार वाजवून पाहिली. "छान झालीये, मास," म्हणाला; मास म्हणजे आमच्याकडचं 'दादा'. मग ती अलगद पार्जियोच्या मांडीवर ठेवली. "असू दे इथेच थोडे दिवस." आणि गेला.

आमच्याकडे तोंडावर कोणी कशाला वाईट म्हणत नाही. त्यामुळे 'छान' ऐकून आम्ही जितके घाबरतो तितके शिवीने घाबरत नाही.

"काय खटकलं असेल त्याला?" पार्जियो.

"त्यालाच विचारा की," त्याची बायको सुमिनी.

"असं कसं विचारू? ओशाळेल तो."

"मग गुरुजींना विचारा. ते काही ओशाळत नाहीत."

गुरुजी म्हणजे मी. शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो. मी कान लावला. तारांवरचा हात काढला की गिटार गूं करत होती, डबीत भुंगा कोंडावा तशी.

"पिकअप म्हणजे काय, तर चुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तार," मी म्हणालो. "ती गिटारीच्या तारांची थरथर पकडते, तशी घरातल्या दिव्यापंख्यांची वीजही पकडते. पिकअप बसतात त्या खाचा तांब्याच्या पत्र्याने आतून मढव."

पार्जियोने खाचा मढवल्या. पट्टीवर पट्टी चढवत, कोपरे दाबत, वरच्या झाकणाच्या पोटालाही तांबं लावून, सगळं एका वायरीने अर्थिंगला जोडलं. मग वाजवली. गूं गेलं. गिटारही गेली. काहीच वाजेना.

"गुरुजी, तुम्ही रोगाबरोबर रोगीही नेलात," सुमिनी म्हणाली.

मला काही कळेना, पण मी मान हलवत राहिलो. शेवटी पार्जियोलाच दिसलं, की आवाज बाहेर नेणाऱ्या वायरीचं उघडं टोक तांब्याला टेकलं होतं. तिथे चिकटपट्टी लावल्यावर गिटार बोलू लागली, आणि गप्प बसायलाही शिकली.

तुगिमान पुन्हा आला. चहा, टेंपे. "खूपच छान," म्हणाला. "असू दे इथेच."

"आधी नुसतं छान होतं," पार्जियो कसनुसं म्हणाला. "आता खूप. म्हणजे बिघडत चाललंय."

आम्ही पिकअपच्या उंचीकडे वळलो. पिकअप स्प्रिंगांवर बसतो आणि स्क्रूने वरखाली होतो. तारांच्या फार जवळ नेला तर चुंबक तारा ओढतं आणि सूर डळमळतो. फार खाली नेला तर आवाज आजारी माणसासारखा येतो. पार्जियो सकाळी पिकअप वर घ्यायचा आणि दुपारी खाली. स्प्रिंगा काढून रबर घातलं, रबर काढून पुन्हा स्प्रिंगा. मी प्रत्येक वेळी "हं, आता बरोबर," म्हणत होतो आणि प्रत्येक वेळी मला तसंच वाटत होतं.

तिसऱ्या खेपेला तुगिमान बराच वेळ वाजवत बसला. डोळे मिटून. गिटार ठेवली आणि म्हणाला, "आता काय बोलायचं." आणि गेला.

याचा अर्थ काय, यावर आम्ही इतकं बोललो की चहा दोनदा गार झाला.

उत्सवात तुगिमानने त्याची जुनीच गिटार वाजवली. सरपंचांचं भाषण संपेपर्यंत ती मागे गूं करत होती. लोकांनी दोघांसाठीही टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे कोणी पाहिलं नाही, म्हणजे सगळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पार्जियो पटाशी घेऊन तांबं खरवडायला बसला. "त्याला गूं हवंच असणार, गुरुजी. आपण चांगला गुण काढून टाकला." मला हे पटलं. त्या घडीला मला काहीही पटलं असतं.

तेवढ्यात सुमिनी बाजारातून आली. मिरच्यांच्या ढिगापाशी तिला तुगिमानची बायको भेटली होती. बायकांनी आधी मिरच्यांबद्दल, मग पोरांबद्दल आणि शेवटी गिटारीबद्दल बोलून घेतलं होतं.

"आवडलीये त्याला," सुमिनी म्हणाली. "पहिल्याच दिवशी आवडली."

"मग नेली का नाही?"

आमच्या गावच्या गिटारी गवतात बांधून ट्रकने जातात. नवी गिटार चरा न पडता मोटारसायकलवरून न्यायला पिशवी लागते. तुगिमानकडे पिशवी नव्हती, आणि मागायला त्याला संकोच वाटला.