एका घराला एकच विभाग

त्या शाळेत शिरलं की आधी दारं दिसायची. तळमजल्यावर निळी, मधल्या मजल्यावर हिरवी, सगळ्यात वर पिवळी. रंगाची हौस म्हणून नव्हे, तर प्रत्येक रंगाची भाषा वेगळी होती म्हणून. निळ्या दाराआड गणित, विज्ञान, इतिहास सगळं एका भाषेत चालायचं आणि हिरव्या दाराआड तेच सगळं दुसऱ्या भाषेत. मुलं देशोदेशींची, घरच्या भाषा शंभर तऱ्हेच्या. मग शाळा प्रत्येकाला एक रंग देऊन टाकायची, आणि शेवटच्या परीक्षेपर्यंत त्यानं त्याच रंगात नांदायचं. मधल्या सुट्टीत मात्र सगळे रंग एका पटांगणात सुटायचे आणि सगळ्या भाषांमध्ये मिळून भांडायचे. शिव्यांना विभाग नव्हता.

शाळेचा आणखी एक नियम होता, एका घराला एकच विभाग. थोरलं मूल ज्या रंगात, धाकटंही त्यातच. आईबापांना दोन-दोन मजल्यांवर हेलपाटे पडू नयेत, घरात अभ्यासाच्या दोन-दोन भाषा होऊ नयेत, असा त्यामागचा विचार. विचार चांगलाच होता. या गोष्टीत वाईट विचार तसा कुणाचाच नाही, आणि दुखणं तेच आहे.

ताईला ताई म्हणायचे कारण तिच्या पाठीवर एक भाऊ होता. वडील गेल्यावर आई दोघांना घेऊन निघाली, वाटेत एका गावात काही वर्षं थांबली आणि तिथून इथे आली. त्या मधल्या गावात हिरव्या दारांची भाषा बोलायचे. धाकटा तिथेच अक्षरं शिकला, तिथेच दात पडले, तिथेच मित्र झाले. झोपेत बडबडायचा तीसुद्धा हिरवीच. पण प्रवेशाच्या दिवशी चाचणी झाली ती थोरलीची. ताई हुशार, पुस्तकात डोकं खुपसून बसणारी. निळ्या भाषेची चाचणी तिनं अशी दिली की परीक्षक उठून उभे राहिले म्हणे. तिला निळा विभाग मिळाला, आणि एका घराला एकच विभाग म्हणून धाकट्यालाही निळाच. त्याला कुणी काही विचारलं नाही. सगळे ताईचं कौतुक करण्यात गुंतले होते.

ताई निळ्यात रुळली. धाकटा नाही रुळला. त्याला समजायचं सगळं, फळ्यावरचं उतरवूनही घ्यायचा, पण वर्गात उभं केलं की तोंडातून शब्द फुटायचा नाही. पोरांनी त्याचं नाव मौनी ठेवलं. हाच मौनी पटांगणात हिरव्या पोरांबरोबर चेंडू खेळताना असा काही तोंड सोडायचा की शिपाई खिडकीतून ओरडायचा. पण मार्क पटांगणात मिळत नाहीत.

शाळेला एका गोष्टीचा मोठा अभिमान होता. आईबापांना नुसता कागद पाठवून हात झटकायचे नाहीत. समोर बसवायचं आणि त्यांच्या घरच्या भाषेत तोंडी सांगायचं. त्यासाठी वरच्या वर्गातली मुलं दुभाषी म्हणून निवडायची आणि त्यांच्या स्वेटरवर पितळेचा बिल्ला लावायचा. स्वतःच्या घरच्यांसाठी दुभाष्या व्हायचं नाही, असा दंडक होता. पण ताईच्या घरची भाषा बोलणारं दुसरं घर अख्ख्या शाळेत नव्हतं. मग विभागप्रमुख बाईंनी अपवाद केला. मुलगी सोन्यासारखी आहे, म्हणाल्या.

बिल्ला लावायच्या दिवशी आई इस्पितळाच्या धुलाईघरातून तशीच आली होती, बाह्या वर सारलेल्या, हातांना साबणाचा वास. बाईंनी ताईला सर्वांसमोर नियम म्हणायला लावला आणि मग आईसाठी घरच्या भाषेत पुन्हा सांगायला लावला. जे ऐकलं तेच सांगायचं. जो दुभाषी शब्द बदलेल किंवा गाळेल त्याचा बिल्ला जाईल आणि शाळेतली जागाही जाईल. आईला हसू आलं. ही दूध सांडलं तरी स्वतः येऊन सांगायची, ही काय खोटं बोलणार, असं ती म्हणाली. ताईनं तेही भाषांतर करून सांगितलं आणि सगळे हसले.

धाकट्यासाठी पहिलं बोलावणं आलं तेव्हा ताईच्या शेवटच्या परीक्षेला दीड वर्ष उरलं होतं. धाकट्याच्या वर्गशिक्षकांना पोरं घड्याळ सर म्हणायची, कारण ते मुलाशी कमी आणि मनगटाशी जास्त बोलायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. मुलगा मठ्ठ नाही, म्हणाले, तो चुकीच्या मजल्यावर आहे. याला हिरव्यात हलवलं तर वर्षात मार्गी लागेल. आईनं नुसतं तोंडानं मागायचं, बाकी आम्ही करू. इथेच राहिला आणि असाच गप्प राहिला तर वर्ष संपताना त्याला पुलापलीकडच्या शाळेत पाठवावं लागेल. पुलापलीकडची शाळा म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. तिथे गोदामातली कामं शिकवायचे, आणि तिथून कॉलेजकडे जाणारा रस्ता नव्हता.

ताई हबकली, पण धाकट्यासाठी नव्हे. एका घराला एकच विभाग. धाकटा हिरव्यात गेला की तीही जाणार. पदार्थविज्ञान, इतिहास, चार वर्षं रात्रीचा दिवस करून निळ्या भाषेत घोटलेलं सगळं ऐन परीक्षेच्या तोंडावर दुसऱ्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून. वर्ष तर जाणारच, शिष्यवृत्तीचंही काही खरं नाही. नियम खरंच तिला लागू होतो का, हे समोर बसलेल्या माणसाला विचारता आलं असतं. पण विचारायला तोंड उघडलं असतं तर आई म्हणाली असती, काय गं, काय चाललंय तुमचं?

"सर म्हणतात, जरा लाजाळू आहे," ताई घरच्या भाषेत म्हणाली. "अभ्यासाकडे थोडं लक्ष द्यायला हवं, इतकंच."

आईनं सोडलेला श्वास सगळ्या खोलीला ऐकू आला. मी उगाच घाबरले, म्हणाली, आणि सरांचे आभार मानायला सांगितले. ताईनं सरांना सांगितलं की आई विचार करून कळवेल. दोघांच्या मध्ये धाकटा बसला होता. त्या खोलीत दोन्ही भाषा कळणारं ताईखेरीज तेवढं एकच माणूस होतं. त्यानं ताईकडे पाहिलं, मग टेबलाकडे पाहिलं, आणि शाळा ज्यासाठी त्याच्यावर नाराज होती तेच त्यानं केलं. गप्प बसला.

जिन्यात ताईनं त्याला गाठलं. मी शिकवते ना तुला, म्हणाली, रोज संध्याकाळी, आईच्या जिवाला कशाला घोर? त्यानं मान हलवली. त्यानं कधी तिला नाही म्हटलंच नव्हतं.

सुरुवातीला खरंच रोज बसायचे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका बाजूला तो, एका बाजूला ती, आणि आई इस्त्री करता करता दोघांकडे बघून सुखावायची. बहीण भावाला शिकवते, अजून काय पाहिजे? पण ताईचे स्वतःचे धडे वाढत चालले. एके दिवशी तेच वाक्य तो कितव्यांदा तरी अडखळला तेव्हा ती ताडकन बोलून गेली, "एवढंही येत नाही तुला?" दुसऱ्या दिवशी त्यानं पुस्तक काढलं नाही. ताईच्या ते लक्षात आलं होतं. लक्षात येऊनही ती काही बोलली नाही, कारण तिला तो तास हवा होता. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं.

दुसरं बोलावणं थंडीत आलं. सर तेच, बोलणंही तेच, फक्त आवाज कडक. आता शेवटची वेळ आहे, म्हणाले, आईंनी काय ठरवलं? ताईनं आईला सांगितलं की सुधारणा आहे, पण सावकाश आहे. सरांना सांगितलं की आईला तो निळ्यातच हवा आहे. पहिल्या वेळी खोटं बोलताना तिचे कान तापले होते. या वेळी काही तापलं नाही, आणि त्याचीच तिला घरी जाताना भीती वाटली. बसमध्ये आईनं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि डोळा लागला. ताई उतरेपर्यंत हलली नाही.

वर्ष सरता सरता विभागप्रमुख बाईंनी स्वतः बोलावलं. खोली लहान, खिडकीत एक सुकत चाललेलं झाड, भिंतीवर तीन रंगांच्या तीन पट्ट्या. आईनं धाकट्याला नवा शर्ट घातला होता. काहीतरी शाबासकी असेल असं तिला वाटत होतं. ताईला काय असेल ते माहीत होतं. रात्रभर तिनं एक वाक्य मनात जुळवलं होतं, आई, मी तुला सांगितलं नाही. जिने चढता चढता ते वाक्य कुठे गळून पडलं, तिचं तिलाच कळलं नाही.

बाई सावकाश बोलल्या, मध्ये मध्ये थांबून, दुभाष्याला वेळ मिळावा म्हणून. दोन वेळा सांगूनही आईंनी विभाग बदलून मागितला नाही, तो त्यांचा अधिकार. आता सुट्टीनंतर मुलगा पुलापलीकडच्या शाळेत जाईल. बोलून झाल्यावर त्या ताईकडे वळल्या, जरा आपलेपणानं. मला वाटत होतं, म्हणाल्या, की तुझ्यामुळे आई कचरत असतील. पण शेवटच्या दोन वर्गांतल्या मुलांना आम्ही हलवतच नाही. तू इथेच राहिली असतीस, तो एकटा वर गेला असता. कुणीही विचारलं असतं तरी आम्ही सांगितलं असतं. तेही आईंना सांग. आणि त्यांना एक विचार. यातलं काही त्यांच्यापर्यंत पोचलं नसेल तर आत्ता सांगायचं. पालकाला कळल्याशिवाय मूल शाळेबाहेर काढता येत नाही, आम्हाला सगळं पहिल्यापासून करावं लागेल आणि तोवर त्याची जागा राहील.

ताईचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

"काय म्हणाल्या गं?" आईनं विचारलं.

बाईंनी पाण्याचा ग्लास ताईपुढे सरकवला.

मग धाकटा बोलायला लागला. घरच्या भाषेत, खालच्या आवाजात, एकेक वाक्य नीट लावून. बाई आत्ता काय म्हणाल्या ते सांगितलं. सर पहिल्या वेळी काय म्हणाले होते तेही सांगितलं, आणि थंडीत काय म्हणाले होते तेही. हिरवा विभाग, तोंडी मागणं, पुलापलीकडची शाळा. ताईला हलवलं नसतं हे, आणि नुसतं विचारलं असतं तर सांगितलं असतं हेही. मला हे सांगितलं नव्हतं असं आईनं आत्ता म्हटलं तर त्याची जागा राहते, हे त्यानं सगळ्यात शेवटी सांगितलं, आणि थांबला. एक शब्द गाळला नाही, एक पदरचा घातला नाही. त्या शाळेत बिल्ला द्यावा असं भाषांतर त्या दिवशी एकानंच केलं.

"अरे, हा बोलतो की," बाई ताईला म्हणाल्या. ते कुणी आईला सांगितलं नाही.

आईनं विचारलं ते धाकट्यालाच. "तुला हे माहीत होतं?"

त्यानं मान हलवली.

ताईला तिनं काहीच विचारलं नाही. तिनं फक्त ताईच्या स्वेटरवरच्या बिल्ल्याकडे पाहिलं. नियम तिला पाठ होता, तिच्यासाठीच तो दोनदा म्हटला गेला होता. ताईला त्या क्षणी आईनं एक थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. पण आई मांडीवरचे आपले भेगाळलेले हात एकमेकांवर ठेवून नुसती बसली. दोघांतलं एकच त्या इमारतीत राहणार होतं, आणि कोण ते तिनं सांगायचं होतं. कुठल्याही आईवर अशी वेळ येऊ नये.

"सांग त्यांना," ती ताईला म्हणाली. "मला दोन्ही वेळा सगळं सांगितलं होतं. मीच मनावर घेतलं नाही."

"आई, नको..."

"जसं बोलले तसं सांग."

धाकट्यानं आईकडे पाहिलं. त्याला निळी भाषा येत होती. एक वाक्य पुरलं असतं, नाही, हिला सांगितलंच नव्हतं. बाई त्याच्याकडेच बघत होत्या, आता हा पुन्हा बोलेल म्हणून. त्यानं नव्या शर्टाची बाही मनगटापर्यंत ओढली आणि नजर टेबलावर नेली.

ताईनं सांगितलं. शब्दाला शब्द, आई बोलली तसंच. बाईंनी मान डोलावली. पुष्कळ आईबाप वेळेवर मनावर घेत नाहीत, म्हणाल्या, आणि मग हळहळतात. त्या खरंच हळहळत होत्या.

आईला आणखी एक विचारायचं होतं. पुलापलीकडच्या शाळेला बस कुठली, आणि त्याला आहे तेच दप्तर चालेल का? ताईनं तेही विचारलं. बाई म्हणाल्या, तिथे दप्तर लागत नाही, आणि ताईनं ते आईला सांगितलं.