रेंगाळलेला टँगो

मित्रांनो, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. माझं हँडल तुटलंय, एक बटण काडीने दाबावं लागतं आणि अंगाला माशांचा वास येतो. मी टेपरेकॉर्डर आहे, आणि माझं छान चाललंय.

जन्मलो कारखान्यात, पण मला माणसांत आणलं इल्मारीने. फिनलंडमधल्या एका तळ्याकाठी तो एकटाच राहतो. एकदा त्याने मला सौनात, म्हणजे त्याच्या वाफेच्या खोलीत, वरच्या फळीवर ठेवलं.

"घे बाबा, तूही शेकून घे," म्हणाला.

आतली कॅसेट पापडासारखी वाकली. पण दुसऱ्या दिवशी त्यानेच मला उघडलं, स्पिरिटने पुसलं आणि नवी कॅसेट आणली. कधी टेप बाहेर आली, तर पेन्सिल घालून हळूच गुंडाळायचा. भाजणारे खूप भेटतात हो, पुसणारा मिळायला नशीब लागतं.

तळ्यातल्या बेटावर लाकडी चौथरा आहे. उन्हाळ्यात तिथे टँगो, म्हणजे जोडीजोडीने करायचा नाच व्हायचा आणि गाणी मी वाजवायचो. लोक म्हणायचे, "काय आवाज आहे!" मग मोबाईल आले. नाचाची व्यवस्था बघणाऱ्या साइमीने नवाकोरा स्पीकर घेतला, गाणी हवेतून यायला लागली आणि माझी बदली झाली इल्मारीच्या होडीत, जाळ्यांशेजारी.

आमच्याकडे नाचाचा नियम कडक. एका बाईबरोबर लागोपाठ दोनच गाणी नाचायची आणि तिला तिच्या जागेवर नेऊन सोडायचं. लगेच पुन्हा विचारलं तर गावभर चर्चा.

यंदाच्या शेवटच्या नाचाला इल्मारीने लेम्पीला नाचायला विचारलं. लेम्पी पलीकडच्या काठावरची. दुसऱ्या दिवशी ती कायमची शहरात, लेकीकडे चालली होती. तिला थांबवायचं म्हणून इल्मारी सकाळभर होडीत मला वाजवत बोलायचा सराव करत होता. गाडी "लेम्पी, मी…" याच्या पुढे जाईना. मासेसुद्धा कंटाळले.

पहिला टँगो सुरू झाला. अर्ध्यात स्पीकर खाकरला आणि एकदम कुणीतरी राक्षस ओरडायला लागला! ढोल बडवतायत, गिटार किंचाळतेय! साइमीच्या जावयाने घरी सौनात बसून तिच्याच गाण्यांच्या ऑनलाइन खात्यावर आपली आवडती गाणी लावली होती, आणि ती इथे वाजत होती. आमची माणसं शिस्तीची. दोन जोडपी त्या गोंगाटावरही टँगोच नाचत राहिली.

"मेल्याला जेवायलाच घालणार नाही आज!" म्हणत साइमीने स्पीकर बंद केला.

"हे… हे गाणं धरायचं का?" इल्मारीने घाबरत विचारलं.

"गाणं ते गाणं. एक झालं. आता एकच उरलं," साइमी म्हणाली.

इल्मारीचा चेहरा पडला. मग कुणीतरी चौथऱ्यालगत बांधलेल्या होडीतून मला आणलं आणि काडीने बटण दाबलं.

मी जीव ओतून वाजलो. पण सकाळच्या सरावात सेल उतरलेले. गाणं हळू व्हायला लागलं. गायकाचा आवाज अस्वलासारखा झाला. एक पाऊल टाकायचं आणि पुढच्याची वाट बघत उभं राहायचं. लोक हसत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तेवढ्यात माझ्या अगदी जवळ इल्मारीचा आवाज आला.

"लेम्पी, मी… हिवाळ्याची लाकडं फोडून ठेवलीयेत."

"बरं."

आणखी दोन पावलं गेली.

"खूप फोडलीत."

"किती?"

"दोघांना पुरतील."

लेम्पी थांबली. "अरे दगडा, हे आधी सांगायचं नाही? तिकडे सगळं सामान बांधून बसलेय मी!"

"मग सोडायला मी येतो ना."

"कशाला सोडायला? बांधलेलं सामान सोडायला ये!"

तेवढ्यात मी घर्रर्र करून बंदच पडलो. साइमी म्हणाली, "चला, आपापल्या जागेवर."

"गाणं संपलंय कुठे? बंद पडलंय," लेम्पी म्हणाली आणि तिने इल्मारीचा हात घट्ट धरला. नियमांची राणी साइमी, तीही हसून बाजूला झाली.

आता मी त्या दोघांच्या स्वयंपाकघरात, चुलीपासून बेताच्या अंतरावर असतो. अजून काय हवं म्हाताऱ्याला? तुमच्या घरी माळ्यावर माझा कुणी भाऊबंद पडला असेल, तर त्याला खाली आणा, पुसा, नवे सेल घाला. आणि गाणं मधेच रेंगाळलं तर त्याला लगेच चापट मारू नका. आधी आजूबाजूला बघा, कुणाला काही बोलायचं राहिलं असेल.