या घराला वास येतो

एकोणीसशे एकोणऐंशी सालची गोष्ट. तेव्हा गल्लीतली दारं दिवसभर उघडी असत आणि टोकाला सरसाचा कारखाना होता. तिथे कातडी नि हाडं उकळत. तो वास गल्लीत मुक्कामालाच असे. जुन्या नाकांना तो कळेनासा झाला होता. एका घरातल्या धाकट्या सुनेची, म्हणजे धाकटीची, तीन वर्षांची पोर मात्र वारा फिरला की धापा टाकायची. डॉक्टर म्हणाले, "घर बदला, नाही तर हवा." घर बदलायची ऐपत नव्हती, म्हणून धाकटीने हवा बदलायला घेतली.

कारखान्याच्या परवान्यावर सुनावणी होणार होती. तीस घरांच्या सह्या आणा, मग तक्रार ऐकू, असं कचेरीने सांगितलं होतं. धाकटीने जुन्या कॅलेंडरची पानं जोडून त्यांच्या पाठीवर गल्लीचा नकाशा काढला. चिकटवायला सरस त्याच कारखान्याचा; दुसरा मिळतच नव्हता. दारोदार विचारून, वास पोचतो त्या प्रत्येक घरावर तिने लाल खूण केली आणि शेजारी लिहिलं, 'या घराला वास येतो.' लिहायचं होतं 'घरात'. घाईत 'ला' पडला.

थोरल्या जावेचा नवरा कारखान्यात मुकादम. तिने नकाशा उचलला आणि नळावर सगळ्यांसमोर वाचला.

"ऐकलंत का बायांनो? तुमच्या घरांना वास येतो म्हणे!"

"आमच्या? मी दोनदा फरशी पुसते!" शेजारीण कडाडली. "काल आली आणि आम्हाला नावं ठेवते!"

"अहो जाऊबाई, लिहिताना चुकलं. वास कारखान्याचा..."

"चुकलं कुठे? मनातलं कागदावर आलं."

घरी सासू वाट बघत होती. "नाक खुपसायला दुसरी जागा नव्हती? चारचौघांत नाक कापलंस आमचं."

"आई, पोरीला श्वास घेता येत नाही."

"पोरं खोकतातच. माझी पाच खोकली."

"त्यातली तीन राहिली," धाकटी म्हणाली.

त्या दिवसापासून सासूने तिच्याशी बोलणं टाकलं.

सुनावणी शाळेच्या वर्गात झाली. नकाशाखाली सही एकच, धाकटीची. गल्ली आली होती ती तिची फजिती बघायला. मालकाने नकाशा साहेबांपुढे धरला.

"यांनीच लिहून दिलंय बघा. घरांनाच वास येतो. झाडलोट ठाऊक नसलेली माणसं, आणि खापर माझ्यावर!"

मग दोनदा फरशी पुसणारी उठली.

"कुणाच्या घराला रे? हाडं तू उकळायची आणि घाणेरडे आम्ही?"

तिने कारकुनाच्या हातातलं पेन ओढून सही ठोकली. धाकटीला कोपराने ढकलत म्हणाली, "सरक. तुझ्यासाठी नाही करत हं." तिच्यामागे रांगच लागली. सासूही उभी राहिली.

"घरातून एकच सही लागते, आजी," कारकून म्हणाला.

"मग तिची खोडा."

चौतीस घरांच्या सह्या झाल्या आणि परवाना अडला. दीड वर्षाने मालकाने कारखाना नदीपलीकडे नेला. तिथल्या लोकांची चौकशी इकडच्या कुणी केली नाही. मुकादम दीर नि थोरली मागोमाग तिकडे राहायला गेले आणि कार्याला बोलावलं तरी आले नाहीत. सासू आणखी सहा वर्षं जगली. "तुझ्या आईला सांग," असं नातीला म्हणत तिने सगळा संसार बोलून काढला. फरशीवाली सह्यांचं श्रेय मरेपर्यंत स्वतःकडे घेत राहिली. पोर परगावी शिक्षिका झाली. जिना चढताना अजून मध्ये थांबते. धाकटी त्याच गल्लीत म्हातारी झाली. नळावर तिला वाट करून देत, पण हाक कुणी मारत नसे.