वैद्याच्या पथकातली ठिणगी

माझे सासरे घरात शब्द मोजून वापरतात. 'चहा', 'बरं' आणि 'दार लाव', एवढ्यात त्यांचा दिवस निभतो. जन्मभर त्यांनी गोदीत क्रेन चालवली. उंचावरच्या काचेच्या केबिनमध्ये एकटेच बसायचे, आणि खालचा माणूस हाताने खुणा करायचा. बोलायची सवयच राहिली नसेल, असं म्हणून मी सोडून देत असे.

निवृत्त झाल्यावर त्यांना तो ऑनलाइन खेळ लागला आणि बंद दाराआडून भलतंच ऐकू यायला लागलं. "बाळा, घाई नको. माझ्याजवळ राहा. जेवलास का?" कुठल्या कुठल्या अनोळखी पोरांना 'बाळा', आणि घरच्या सुनेला 'दार लाव'. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यातच चष्म्याच्या दुकानाच्या मालकिणीचा फोन आला. मुलगी झाल्यावर मी तिथलं काम सोडलं होतं. काचा घासून फ्रेममध्ये बसवायला ती मला परत घ्यायला तयार होती, पण सोमवारपर्यंत काय ते कळव म्हणाली. मला ते काम मनापासून हवं होतं. प्रश्न एवढाच, की मुलीला कोण सांभाळणार. नवरा 'बघू' म्हणाला. त्याच्या 'बघू'तून आजवर काही निघालेलं नाही. सासऱ्यांना विचारायची तर हिंमतच होत नव्हती.

शेवटी मुलगी झोपल्यावर मीही फोनवर तो खेळ घेतला. हे तिथे एवढे काय दिवे लावतात ते तरी बघावं. 'ठिणगी' नावाची तलवारवाली झाले आणि त्यांच्या पथकात शिरले. माइक बिघडलाय असं लिहून टाकलं, म्हणजे आवाज ओळखायला नको.

सासरे तिथे वैद्य होते. वैद्य लढत नाही. तो मागे उभा राहून प्रत्येकाच्या डोक्यावरच्या पट्टीत जीव किती उरलाय ते बघतो आणि जखमा भरतो. त्यांचा आवाज मला आधी भिंतीतून ऐकू यायचा, मग हेडफोनमधून. मी सारखी मरत होते आणि ते दर वेळी मला उठवत होते. "ठिणगे, चुकलं तर चुकलं. पुन्हा ये," म्हणायचे. माझ्याशी इतक्या मायेने कितीतरी दिवसांत कुणी बोललं नव्हतं. मनात धरलेला राग विरघळायला लागला, आणि मग त्याचाही राग आला.

रविवारी दुपारी एका राक्षसाशी लढाई ऐन रंगात आली होती. आज ठिणगीचं लक्ष कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. मी लिहिलं, कामावर परत बोलावलंय, पण लेकरू लहान आहे. घरात वडीलधारं कुणी नाही का, ते म्हणाले. सासरे आहेत, मी लिहिलं, पण ते दिवसभर खेळत असतात. विचारायची भीती वाटते.

पडद्यावर वैद्य नुसताच उभा होता. पोरं 'काका, काका' करत ओरडत राहिली आणि एकेक करत अख्खं पथक मेलं.

मग त्यांचं दार वाजलं. मी फोन उशीखाली सारला. सासरे माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले, नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर.

"तू चष्म्याच्या दुकानात जायचीस," ते म्हणाले. "परत जावंसं वाटतं का?"

मी मान डोलावली.

"मग जा. पोरीला मी बघतो."

मला रडू आवरेना. ते गडबडले, पाण्याचा पेला आणून माझ्यासमोर ठेवला आणि आपल्या खोलीत गेले. दार लावायचं मात्र विसरले.

मी फोन बाहेर काढला. हेडफोन लावायची गरजच नव्हती.

"ठिणगे, आहेस का? तुझ्या सासऱ्यांना आजच विचार. मी आत्ता माझ्या सुनेला विचारून आलो. रडली बिचारी." मग म्हणाले, "इथे ज्याचा त्याचा जीव किती उरलाय ते डोक्यावर दिसतं गं. घरात तसं दिसत नाही."

डोळे पुसून मी लिहिलं, विचारावं लागलं नाही. ते आपणहूनच हो म्हणाले.

उघड्या दारातून त्यांचा सुस्कारा ऐकू आला.

"मग भला माणूस दिसतो," ते म्हणाले.

'आहे,' मी लिहिलं.