वेश ॲरेचा, जीव पॉइंटरचा

९ नोव्हेंबर. सकाळपासून झोंबरं वारं. आभाळ करडं, पाऊस नाही.

मी बोलतोय तो सी भाषेतल्या एका छोट्या प्रोग्रॅममधला पॉइंटर. ॲरे म्हणजे एकीला लागून एक अशा खोल्यांची रांग. मी म्हणजे त्यातल्या पहिल्या खोलीचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. खोल्या किती, हे चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. ॲरेला विचारलं, "तुझा पसारा केवढा?" तर तो अख्ख्या रांगेचं माप सांगतो. मला विचारलं तर मी चिठ्ठीचं माप सांगतो. त्यात लबाडी नाही. मला तेवढंच ठाऊक असतं.

माझं घर म्हणजे अंडी उबवायच्या पेटीवर बसवलेला, तिची ऊब सांभाळणारा बोर्ड. पेटी बाबांची, बोर्ड त्यांच्या मुलीचा. गेल्या आठवड्यात कोल्ह्याने खुराडं फोडलं आणि काळ्या तुऱ्याच्या सगळ्या कोंबड्या नेल्या. बाबांच्या वडिलांपासून घरात जपलेला तो वंश. मागे राहिली ती पेटीतली चाळीस अंडी. काल पेटीचा जुना कंट्रोलर जळाला आणि मुलीने आपला नवा बोर्ड आज सकाळी घाईघाईने बसवला.

"एवढी चाळीस जगली की मी निवांत," बाबा म्हणाले.

"तुम्ही आणि निवांत?" आई दारातून म्हणाली. "पिल्लं झाली की त्यांच्या उशाशी जाऊन बसाल."

बोर्डाचं काम साधं. दर मिनिटाला पेटीतलं तापमान एका खोलीत ठेवायचं. अशा दहा खोल्या. त्यांची सरासरी कमी भरली तर हीटर चालू, पुरेशी भरली तर बंद. अंडी फिरवायला झाकण उघडलं की बाहेरचा गारवा खोल्यांत शिरतो. म्हणून झाकण लागताच दहाही खोल्या झाडून रिकाम्या करायच्या आणि नव्याने मोजायचं. रिकामी खोली सरासरीत धरायची नाही.

महिनाभर टेबलावरच्या चाचण्यांत हे बिनचूक चाललं होतं, कारण झाडायची ओळ ॲरेच्या शेजारीच होती. ती ॲरेलाच माप विचारायची आणि तेवढं झाडायची. पण मुलगी नीटनेटकी. काल तिने ती ओळ उचलून वेगळ्या फंक्शनमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या स्वतंत्र तुकड्यात नेली. अक्षरही बदललं नाही. तिथे ॲरे स्वतः जात नाही, त्याचा पत्ता जातो. तो पत्ता म्हणजे मी. तिने माझ्या नावापुढे ॲरेसारखेच चौकोनी कंस लिहिले. सी भाषेत ते चालतं. कंस घातले तरी मी पॉइंटरच राहतो. पण वाचणाऱ्याला मी ॲरे दिसतो. तिलाही दिसलो.

माझा जन्म झाकण लागलं की होतो आणि झाडलोट संपली की मी संपतो. दुपारी बाबांनी एकेक अंडं दिव्यासमोर धरून पाहिलं, फिरवून ठेवलं. त्यात बराच वेळ गेला. दहाही खोल्या गार आकड्यांनी भरल्या. झाकण लागलं, मी जन्मलो. ओळीने मला माप विचारलं.

"चार बाइट," मी म्हणालो.

एका खोलीला दोन बाइट लागतात, म्हणजे रांग वीस बाइटची होती. दोनच खोल्या झाडल्या गेल्या. आठ खोल्यांत गारठा तसाच राहिला, पेटी तापली तरी सरासरी कमीच भरली आणि हीटर पेटला तो विझेना.

"छत्तीस," बाबांनी बोर्डाच्या पडद्यावरचा सरासरीचा आकडा वाचला. "साडेसदतीस हवं. अजून गारच आहे. तापू दे."

"बाबा, काच बघा. घाम आलाय तिला."

"पडदा तूच बसवलास ना? मग त्याचं ऐक की."

तिने झाकण उघडलं, एक अंडं उचललं आणि मिटल्या पापणीवर टेकवलं. लहानपणी बाबांनीच शिकवलं होतं तसं. झटकन मागे घेतलं.

"भाजतंय."

बाबांनी दुसरं अंडं पापणीला लावलं. मग त्यांचा आवाज उतरला. "उघडंच ठेव. निवू दे."

अंडी निवली. झाकण लावलं. मी पुन्हा जन्मलो, पुन्हा "चार" म्हणालो. हीटर पुन्हा पेटला.

तिने वायर उपटली. आता पेटी तापत नव्हती, पण घरातली हवा गार होती. आईने घोंगडी आणून पेटीवर टाकली. "किती वेळ धरेल ही ऊब?"

"थोडाच," बाबा म्हणाले. "लवकर बघ, बाळा."

बोर्ड लॅपटॉपला जोडून तिने हीटरचा कोड वाचला, सरासरीचा वाचला. दोन्ही बरोबर. झाडायच्या ओळीवरून तिची नजर तीनदा गेली आणि तीनदा पुढे सरकली. कंस होते ना.

"काल काय हलवलंस?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. ही एक ओळ इथून इथे."

"माणूस घर बदलतो तेव्हा काहीतरी मागे राहतंच. बघ त्यात."

ती थांबली. मला विचारलेलं माप तिने पडद्यावर छापून घेतलं. चार. वीस यायला हवे होते.

"हा ॲरे नाहीच," ती हळूच म्हणाली. "नुसता पत्ता आहे."

"मग त्याला आत किती खोल्या हे कळणार कसं?" बाबा म्हणाले.

"मी सांगितल्याशिवाय नाही कळणार."

तिने माझे कंस उतरवले, नावाआधी पॉइंटरची खूण म्हणून तारका लावली आणि माझ्यासोबत आणखी एक गोष्ट आत पाठवली: खोल्यांची संख्या, दहा. घोंगडी काढली तेव्हा अंडी कोमट होती. वायर लावली. मी जन्मलो. मला माप कुणी विचारलं नाही. दहाही खोल्या झाडल्या गेल्या. हीटर पेटला आणि वेळेवर विझला. बाबा पापणीला अंडं लावून उभे होते.

अजूनही झाकण लागलं की मी जन्मतो, पत्ता दाखवतो आणि जातो. मला कामाला लावणाऱ्यांनो, एवढं करा: माझ्या कपड्यांवरून मला ॲरे समजू नका, आणि पाठवताना खोल्यांचा आकडा माझ्या हाती द्या.

२१ नोव्हेंबर. स्वच्छ ऊन, वारं पडलेलं. चाळीसपैकी एकतीस अंडी फुटून पिल्लं बाहेर आली. नऊ फुटली नाहीत.