परतीची फेरी म्हणे रिकामी!

मित्रांनो, मी जुना आहे, कबूल. गंजलोय, तेही कबूल. पण मला रिकामा म्हणाल तर खबरदार!

मी पाराग्वे नदीवरचा लोखंडी पडाव, बिनइंजिनाची मालवाहू नाव. असुन्सिओनच्या गोदीत माझे पत्रे सांधले. टगबोटीने ढकलायचं आणि मी सोयाबीन घेऊन दक्षिणेला जायचं, हा माझा धंदा. पन्नासेक ट्रकांचं धान्य माझ्या एकट्याच्या पोटात मावतं. तेव्हा बंदरावर कौतुक व्हायचं, "पडाव असावा तर असा!" आणि परतताना? परतताना पिठाची पोती, गॅसच्या टाक्या, एकदा तर एका नवरीचा पलंगसुद्धा आणला मी. पुएर्तो कारांदाय गावाला रस्ताच नाही. तिथली न्या सिन्फोरियाना ('न्या' म्हणजे आमच्याकडे 'बाई') माझ्या पिठावर गावाची एकुलती एक पावाची भट्टी चालवायची.

मग कंपनीने देर्लिस नावाचा इंजिनियर आणला. त्याने संगणकावर मॉडेल मांडलं: धान्य ट्रकने न्यावं की पडावाने? नदी आटली की मला अर्धंच भरतात, उथळ जागी ताटकळावं लागतं. ते त्याने धरलं, बरोबरच आहे. पण पुढे लिहिलं, 'परतीची फेरी रिकामी'. जाण्यायेण्याचं सगळं डिझेल बिचाऱ्या सोयाबीनच्या डोक्यावर! ट्रकांना म्हणे परतीला खताचं भाडं मिळतं. मग काय, जिंकले ट्रक.

मला कारांदायच्या काठाला बांधून टाकलं. न्या सिन्फोरियानाने उरलेलं पीठ पुरवून पुरवून वापरलं. काल सकाळी ते संपलं, आणि नेमका कालच देर्लिस माझ्यावर भंगाराची फुली मारायला आला. ती कमरेवर हात ठेवून पुढ्यात उभी राहिली.

"काय रे बाबा, हा रिकामा यायचा? मग माझं पीठ काय वाऱ्यावर उडत यायचं?"

"न्या सिन्फो, पीठ यायचं ते मला ठाऊक आहे. पण खलाशी ते फुकट आणायचे. भाडं नाही, तर मॉडेलमध्ये माल नाही."

"म्हणजे ठाऊक होतं तुला!"

"मालकांनी विचारलं तेवढंच मांडलं मी."

अरे चोरा! न कळत चुकला असतास तर एक वेळ माफ केलं असतं. कळूनसवरून गावाच्या तोंडचा घास काढलास? असा संताप झाला माझा, पण दोरखंडाने बांधलेला मी काय करणार!

तिने पिशवीतून पाव काढून त्याच्या हातात ठेवला. "घे. शेवटच्या पोत्यातला आहे, रिकाम्या फेरीतून आलेला. जपून चाव हो, नाहीतर नुसती हवाच गिळशील."

त्याने पाव खाल्ला नाही, टाकलाही नाही. खडूने फुली मात्र मारली.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी असली गणितं मांडायला बसेल. खुशाल मांडा, गणिताशी माझं वैर नाही. पण कुणाला रिकामं लिहिण्याआधी झाकण उघडून आत वाकून बघा. आणि दिसलं, तर लिहा!

मला सोमवारी कापणार आहेत. कापू देत. पण आज कारांदायच्या भट्टीतून धूर निघाला नाही. तेवढं तरी कुणीतरी लिहून ठेवा.